आबांची खळ

मला आयुष्यात जे काही मिळालं ते सगळ्यांत जास्त कोणामुळे, असं कोणी विचारलं तर मी आबांचं नाव घेतो. आईचं घ्यायला हवं, हे मला कळतं. पण आईला विचारलं तर तीही आबांचंच नाव घेते, त्यामुळे आमच्या घरात त्यावरून वाद नाही.

आबा आमच्या नात्यातले कोणी नव्हेत. जळगावात कॉलेजला असताना मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिलो, ते घरमालक. एका शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही. त्यांनी आपण होऊन एकदाच सांगितलं, "मुलगी पाहायला गेलो होतो. चहा चांगला होता. पण अंगणातल्या दोरीवर कपडे चिमट्याशिवाय वाळत घातले होते." एवढ्यावर तो विषय संपला.

धुणं ही आबांच्या दृष्टीनं कामांतली एक गोष्ट नव्हती. बाकीची कामं ही धुण्याच्या मधल्या वेळात करायची असत. भिजवणं, घासणं, खळबळणं, पिळणं, झटकणं, मग नीळ आणि शेवटी खळ. दर रविवारी ते ॲल्युमिनियमच्या पातेल्यात साबुदाण्याची खळ शिजवत. खळ दिल्याशिवाय कपडा धुतला असं ते मानत नसत. "ओला करून वाळवला" म्हणत. त्यांचा पांढरा शर्ट इतका कडक असे, की ते खाली बसले की शर्टाचा आवाज येई. आम्ही खोल्यांत राहणारी मुलं पत्ते खेळत असलो तर त्या आवाजानं सावध व्हायचो. झोपताना काढून खुर्चीवर ठेवलेला शर्ट आबांसारखाच ताठ बसून राही. चादरींचंही तसंच. मी कूस बदलली की शेजारच्या खोलीतल्या मुलाला कळायचं.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. प्रसन्न असले की आबा अहिराणीत बोलत आणि रागावले की शुद्ध पुस्तकी मराठीत. इतरांकडे हे उलटं असतं. "काय रे, जेवना का?" असं विचारलं की समजायचं, सगळं ठीक आहे. "आपण भोजन केलेत काय?" असं विचारलं की आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचं.

मी पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातला. वडील सालदार होते, म्हणजे वर्षभराच्या बोलीनं दुसऱ्याच्या शेतात राबायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. खोली शोधायला वडील माझ्यासोबत जळगावला आले होते. आबांनी माझे गुण विचारले नाहीत, गाव विचारलं नाही. बादलीतून ओला पंचा काढून माझ्या हातात दिला.

"पीळ."

मी पिळला. घाबरलो होतो, त्यामुळे जोर नुसताच मनगटात राहिला. पंच्यातून पाणी निथळतच होतं. वडिलांना ते बघवलं नाही.

"द्या इकडं, भाऊ," म्हणून त्यांनी पंचा घेतला, दुहेरी केला आणि पिळला. आबांनी तो कोरड्या फरशीवर झटकून पाहिला. एक थेंब पडला नाही.

"खोली यांना दिली," आबा म्हणाले. "मुलगा सोबत राहू शकतो."

हा विनोद नव्हता. मी तिथं होतो तोवर खोलीच्या दारावर खडूनं माझ्या वडिलांचंच नाव लिहिलेलं होतं. वडील महिन्या-दीड महिन्यातून भेंडी, गिलकी असं काहीबाही घेऊन यायचे. आबा दारातूनच ओरडत, "भाडेकरू उनात!" माझी खाट वडिलांना मिळे आणि मी खाली झोपे. वडील सकाळी उठून मान चोळत म्हणायचे, "आबा, तुमच्या चादरीवर माणूस निजत नाही. ठेवलेला असतो."

"म्हणून तर सकाळी जसाच्या तसा सापडतो," आबा म्हणत.

दोघांचं चांगलं जमायचं. वडील शाळेत गेलेले नव्हते आणि आबांना शाळेत गेलेल्या माणसांचा कंटाळा आलेला होता.

आता ते प्रकरण सांगतो, ज्यामुळे मी पदवीधर झालो. दुसऱ्या वर्षी मी माझ्या मुख्य विषयात, रसायनशास्त्रातच नापास झालो. निकाल पाहून खोलीवर आलो आणि पेटी भरायला लागलो. गावी कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळत होतं, तिकडे जायचं ठरवून टाकलं. आबा दारात येऊन उभे राहिले. समजूत घालतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जाय. पन खोलीमातलं बठ्ठं धुईसन जाय."

खोली सोडताना चादरी, अभ्रे, गोधडीची खोळ सगळं धुऊन द्यायचं, हा नियमच होता. मी धुतलं, खळ दिली, गच्चीवर वाळत घातलं. उन्हाळा होता. जळगावच्या उन्हात कपडा दोरीवर टाकेपर्यंत अर्धा वाळतो. तासाभरानं मी आबांना बोलावलं. त्यांनी चादरीचं एक टोक बोटांत धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आजून वल्लं शे." म्हणजे अजून ओलं आहे.

संध्याकाळी पुन्हा विचारलं. "आजून वल्लं शे." दुसऱ्या दिवशी चादर पापडासारखी वाजत होती. आबांनी तिला गाल लावून पाहिला. "आजून वल्लं शे." पेटी भरून तयार, आणि मी गच्चीवर एका वाळक्या चादरीची राखण करतोय. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पेटीतून पुस्तक काढलं. वाचताना लक्षात आलं की, जो भाग मला येत नव्हता तो काही फार अवघड नाही. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन फेरपरीक्षेचा फॉर्म भरला. परत आलो तर चादर खाटेवर घातलेली होती. आबांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पण "वाळली" असंही म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडे होतो त्या सगळ्या काळात कुठलाही कपडा वाळला असं त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही. फार तर गप्प राहत.

वडिलांनी माझा पदवीचा कागद पाहिला. हातात घेतला, उलटसुलट केला आणि पुसून परत दिला. पुढं थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. त्यांच्या अंगावरचं असं काही घरात राहिलं नाही.

मी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. लग्न झालं, धुळ्यात घर केलं. बायको एका सरकारी कार्यालयात लिपिक. परीक्षा देऊन, निवड होऊन लागलेली. तिच्याही माहेरी नोकरी करणारी ती पहिलीच बाई. मुलगी झाली तेव्हा बायकोचं प्रोबेशन संपलेलं नव्हतं. बाळंतपणाची रजा संपत आली आणि साहेबांनी स्पष्टच सांगितलं, रजा संपेल त्या सोमवारी हजर व्हा, वाढीव रजेचं नाव काढू नका. नोकरी पक्की व्हायची आहे अजून.

माझी आई गावी भावाकडे. बायकोची आई वरणगावला, तिच्या स्वतःच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोघींपैकी कोणीही आमच्याकडे कायमचं येऊ शकत नव्हतं. म्हणून पाळणाघर. आमच्याच गल्लीत एक मावशी चालवतात. घर झाडून पुसून लख्ख, आणि मुलांना बसवायला एक मोठी निळी सतरंजी. त्या सतरंजीवर त्यांचा फार जीव.

"डायपर घालून पाठवायचं," मावशींनी सांगितलं होतं. "माझ्या सतरंजीवर थेंब पडलेला मला चालत नाही."

आम्ही दुकानातले डायपर घातले आणि चार-सहा दिवसांत मुलीच्या मांड्या लाल झाल्या. पुरळ इतका, की ती पाय जवळ घ्यायला तयार नसे. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, "हे बंद करा. सुती कापड वापरा, हवा लागू द्या."

मावशी म्हणाल्या, "सुती वापरा, रेशमी वापरा. थेंब नको."

मग बायकोनं मोबाइलवर शोधून कापडी डायपर मागवले. वर बटणांचं कव्हर, त्यावर हत्तींची चित्रं, आत घालायला पांढऱ्या सुती कापडाच्या घड्या. आले तसे एकदा धुतले, वाळवले, घातले. मुलगी माझ्या मांडीवर होती. घडी जवळजवळ कोरडी, आणि माझी पँट पूर्ण ओली. दुसरा घातला, तेच. हजर व्हायचा सोमवार आता पुढच्याच्या पुढचा होता. बायको कपाटातून ऑफिसला नेसायची साडी काढायची, बघायची आणि परत ठेवायची.

मी आबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोरी केवढी शे?"

दुसऱ्या दिवशी ते जळगाव-धुळे एसटीनं आले. पिशवीत साबणाच्या वड्या, लाकडी चिमटे, साबुदाण्याची पुडी आणि स्वतःची चादर. आबा परक्या चादरीवर झोपत नसत. मुलीला समोर आणलं. आबांनी आधी डायपर पाहिला. काढायला लावून उजेडात धरला.

"हत्ती छान शेत," ते म्हणाले. "कापड अडाणी शे."

त्यांनी घडी सपाट अंथरली आणि तिच्यावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला.

"देखं? बठेल शे. मजार जावाले तयार नही." आत जायला तयार नाही, म्हणजे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी पहिल्या वर्षाले असाच होता."

बायको हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

नव्या सुताला तेलकटपणा असतो, तो गेल्याशिवाय ते पाणी धरत नाही. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, त्यामुळे हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि घरात तसं करणं यांच्यामध्ये आबा लागतात. त्यांनी घड्या गरम पाण्यात भिजवल्या, घासल्या, खळबळल्या, उन्हात टाकल्या. वाळल्या की पुन्हा गरम पाणी. त्याला ते "वरच्या वर्गात घालणं" म्हणत. दर वेळी एक थेंब टाकून परीक्षा. आधी थेंब बसून राही, मग रेंगाळत आत जाई, आणि शनिवारी दुपारी टाकल्याबरोबर नाहीसा झाला.

"पास," मी म्हणालो.

आबांनी कापडाचं टोक बोटांत धरलं. "आजून वल्लं शे," म्हणाले. पण खुशीत होते. मुलीला खांद्यावर घेऊन गच्चीवर फेऱ्या मारत, "धुळानं ऊन बरं शे, पन जळगावनं सर नही," असं तिला समजावत होते.

इथं सगळं व्यवस्थित व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार आला.

रविवारी सकाळी आबांनी पातेलं मागितलं. साबुदाणा शिजवला. मी ढवळला. ढवळताना माझ्या मनात काहीही आलं नाही, कारण धुण्याच्या शेवटी खळ येते, हे मी ज्या घरात शिकलो त्या घरात कोणी त्यावर विचार करत नसे. बायकोनं मात्र विचारलं, "आबा, याला खळ?"

"शिक्षण व्हयनं," आबा म्हणाले. "आते शिस्त."

त्याच दुपारी सासूबाई वरणगावहून आल्या. हजर होण्याला आठवडाच उरला होता, म्हणून दोन दिवस नातीपाशी राहायला. गच्चीवर गेल्या. दोरीवर सगळ्या घड्या ओळीनं, एका रेषेत, वाऱ्यानंही न हलता टांगलेल्या. त्यांनी एक काढून जमिनीवर ठेवली. ती उभी राहिली.

"अवो आबा," सासूबाई म्हणाल्या, "पोर पाळणाघरात जाते का परेडले जाते? हे तं कमरेशिवाय उभं राहून राह्यलं!"

"कापड ताठ असलं की मूल ताठ बसतं," आबा म्हणाले. अहिराणी सोडून. मी सावध झालो, पण घड्या तशाच गोळा केल्या.

सोमवारी मावशींकडे तासाभरासाठी मुलीला ठेवून पाहिलं. अजून एक आठवडा हातात होता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. अर्ध्या तासात मावशी मुलीला कडेवर घेऊन आमच्या दारात. मुलगी रडून रडून थकलेली, मांड्या पुन्हा लाल. खळीमुळे कापडानं पाणी धरलंच नव्हतं आणि काठ टोचले होते ते वेगळंच.

"सतरंजी धुवायला भिजवून ठेवलीये," मावशी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "तुम्ही चांगली माणसं आहात. पण मला दहा मुलं बघायची असतात. येत्या सोमवारी सकाळी एकदा बघेन. तेव्हा झालं तर झालं, नाहीतर दुसरीकडे विचारा."

आमच्या भागात दुसरीकडे म्हणजे कुठेच नव्हतं. बायको खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी साहेबांना सांगून टाकते. कोणीतरी दुसरी येईल माझ्या जागी." आवाज अगदी साधा. भाजी काय करू, असं विचारावं तसा.

आबांनी चौकशी सुरू केली. नळाचं पाणी वाटीत घेऊन चाखलं. "येथील पाणी क्षारयुक्त आहे," म्हणाले. मग साबणाची वडी हुंगली. "साबणाच्या गुणवत्तेविषयी मला शंका आहे." मग गच्चीच्या कठड्यावरून धूळ बोटानं पुसून पाहिली. त्यांचं मराठी इतकं शुद्ध होत चाललं, की मला भीती वाटायला लागली.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आबा, पाण्याले कायले बोल लावता? तुमची खळ आहे ते. माह्या पोरीची नोकरी जाईन आता तुमच्या खळीपायी."

आबांना असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात मुलगी कुरकुरली. आबांनी तिला उचललं आणि खांद्याशी धरलं. ती दमलेली होती, तिथंच झोपली. थोड्या वेळानं बायकोनं तिला घेतलं, तेव्हा तिच्या गालावर आबांच्या शर्टाच्या शिवणीची लाल रेघ उठलेली होती. खिशाचं बटणही.

आबांनी तो गाल पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मोरीत गेले आणि पाणी तापत ठेवलं.

त्यांनी सगळ्या घड्या गरम पाण्यात बुडवल्या. अंगातला शर्ट काढला, तोही बुडवला. नुसत्या बनियनवर बसून ते खळ काढत होते. पाणी पांढुरकं होई, ओतून टाकत, पुन्हा नवं घेत. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू जाय. हाई मनं शे." हे माझं आहे. तेवढं अहिराणीत म्हणाले, म्हणून मी हललो नाही. शेजारी बसून पिळत राहिलो.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जरा मवाळल्या होत्या. "खरं सांगू का आबा, नवं कापड लेकराले लावतच नाही आमच्याकडे. पहिलं कापड जुनं लागते. घरातल्या मोठ्या माणसाच्या अंगाखालचं. मऊ बी राह्यते आणि त्याचं आयुष्य बी लेकराले लागते. पण जावईबापूंच्या वडलांचं तं काही ठेवलंच नाही म्हणे."

आबा उठले. पिशवीतून आपली चादर काढून आणली. मी ओळखली. काठाला मीच एकदा घातलेला टाका होता. माझ्या खोलीतली, तीन दिवस गच्चीवर न वाळलेली.

"हाईना वर तुना बाप निजेल शे," आबा मला म्हणाले. "खोली त्यानाच नावावर होती."

तीही त्यांनी गरम पाण्यात घातली. इतक्या वर्षांची खळ निघायला वेळ लागला. निघाली तेव्हा खाली इतकं मऊ कापड होतं, की मला ती चादर तशी असेल असं कधी वाटलंच नव्हतं. वाळल्यावर त्यांनी ती काठापासून टरकावली. सासूबाईंनी घड्या घालून टाके मारले. दोघं समोरासमोर बसून काम करत होते आणि एकमेकांच्या चुका काढत होते.

"आबा, कापड सरळ फाडा हो, शाळेत रेघ मारायले नव्हते का शिकवत?"

"टाका बारीक घाला व अक्का. हाई गोनपाट नही शे."

आठवडाभर आम्ही घरात पाहिलं. चादरीच्या घड्या टिपकागदासारखं पाणी ओढत. मांड्यांची लाली उतरली. तरी आबांना खात्री नव्हती. सोमवारी सकाळी बायको ती साडी नेसून ऑफिसात हजर व्हायला गेली. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. आबा आणि मी मुलीला पोचवायला गेलो. खळ नसलेला तो शर्ट घातल्यावर आबा वेगळेच दिसत होते. खांदे उतरलेले, पोट जाणवणारं, सगळीकडून चुरगळलेले. एवढी वर्षं मी त्यांना उंच समजत होतो.

मुलीला आत देऊन मी घरी चला म्हणालो. त्यांनी नकाराची मान हलवली आणि फाटकापाशीच उभे राहिले. ऊन चढलं. मी छत्री आणून दिली. ती मिटूनच हातात धरली. सावलीत बसायला सांगितलं तर म्हणाले, "मी पोरेस्ना तास घेता घेता यानापेक्षा जास्ती उभा ऱ्हायेल शे."

दुपारी मावशी बाहेर आल्या. "अहो, हे बाबा सकाळपासून इथंच आहेत का? पोर खेळली, खाल्लं, झोपली. एकदा बदललं तेवढंच. आता उठलीये. काही तक्रार नाही माझी."

"मला सतरंजी पाहता येईल का?" आबांनी विचारलं.

मावशी मोठ्या मनाच्या निघाल्या. आत घेतलं. मुलगी निळ्या सतरंजीवर बसून चमचा चोखत होती. आबा गुडघ्यावर बसले. शर्टाचा आवाज आला नाही. त्यांनी तिच्या भोवतीनं सतरंजीवर पूर्ण तळवा दाबून पाहिला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग तिला उचलून तिच्याखाली दाबून पाहिला. डोळे मिटले.

"सुकी शे," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहत पुन्हा एकदा म्हणाले, "सुकी शे व माय."

दुसऱ्या दिवशी ते जळगावला गेले. थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. घरी काम आहे म्हणाले. काम काय आहे ते मला माहीत होतं. आता त्यांच्याकडे मुलं राहत नाहीत. मुलांना खोलीला लागून न्हाणीघर हवं असतं आणि धुण्याचं यंत्र. आबा पंचा पुढं करतात, मुलं हसून निघून जातात. गच्चीवर त्यांची दोरी आहे आणि तिच्यावर एकट्या माणसाचे दोन कपडे असतात. एसटीच्या खिडकीत बसले तेव्हा चादर नसलेली त्यांची पिशवी मांडीवर दुमडलेली होती.

मोबाइलवर आलेला मजकूर आबांना निरोप वाटतो, पत्र वाटत नाही. म्हणून मी कागदावर लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं:

तीर्थस्वरूप आबांस, साष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व ठीक आहोत. हिची नोकरी चालू आहे. साहेबांनी काही विचारलं नाही. मुलगी आता सतरंजीवरून रांगत फरशीवर जाते, त्यामुळे मावशींचीही काळजी मिटली. मांड्या स्वच्छ आहेत. घड्या रोज धुतो, खळ देत नाही. रविवारी चुकल्यासारखं होतं.

तुम्ही गेल्यावर तुमच्याकडे चादर नाही, हे लक्षात आलं. नवी घेतली आहे. अडाणी होती, गरम पाण्यातून काढून, उन्हात घालून तिला वरच्या वर्गापर्यंत आणली आहे. थेंब टाकला की आत जातो. पण ती पाठवता येत नाही, कारण आजून वल्ली शे. रोज गच्चीवर घालतो, संध्याकाळी बोट लावून पाहतो, तेच. धुळ्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मला त्यातलं कळत नाही, हिला कळत नाही. तुम्हीच येऊन हात लावून सांगायला हवं. घाई नाही. पेटी भरून, घर बंद करून, सावकाश निघा.

पुढच्या खोलीच्या दारावर खडूनं तुमचं नाव लिहिलं आहे. आईला, सासूबाईंना विचारलं. दोघींची हरकत नाही.

खोली तुम्हाला दिली. आम्ही सोबत राहू शकतो का, तेवढं कळवावं.

आपला,
भाडेकरूचा मुलगा